विजेचा प्रवाह आणि चित्ताचें अवधान

नागझिऱ्याच्या अरण्याचें नांव तेथील नागाच्या देवळावरून आणि डोंगरांतून बारमाही वाहणाऱ्या झऱ्यावरून पडलें, असें सांगतात. गोंदिया जिल्ह्यांतील हें सुमारें १५३ चौरस किलोमीटरांचें रान १९७० सालीं अभयारण्य झालें आणि २०१३ सालीं नवेगांवच्या रानासह व्याघ्रप्रकल्पांत सामील झालें. व्यंकटेश माडगूळकर व किरण पुरंदरे यांच्या पुस्तकांमुळें मराठी वाचकांस तें परकें राहिलेलें नाहीं. बाहेरून तेथें जाणारा मनुष्य बहुधा मनाची शांतता शोधीत जातो. परंतु त्याच रानाच्या कडेच्या गांवांत ज्याचा जन्म गेला त्याचें मन बिघडलें, म्हणजे त्याला शांततेसाठीं कोणी रानांत नेत नाहीं. त्याचे आप्त त्याला आधीं भगताकडे नेतात, मग तालुक्याच्या डॉक्टराकडे, आणि दुखणें हाताबाहेर गेलें म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटरांवरच्या नागपुरास नेतात. ही वाट पुष्कळ जुनी आहे. मध्यप्रांत निर्माण झाला १८६१ सालीं. नागपूरचें वेड्यांचें इस्पितळ उघडलें १८६४ सालीं. गोंदियाचा मुलूख तेव्हां भंडारा जिल्ह्यांत मोडत असे; त्याचा वेगळा जिल्हा १९९९ सालीं झाला. म्हणजे जिल्हा बदलला, राज्य बदललें, परंतु मनोरुग्णाची वाट दीडशें वर्षांहून अधिक काळ तीच राहिली.

या वाटेनें गेलेल्या माणसांना आजवर काय मिळालें आणि पुढें काय मिळावें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. मनाच्या दुखण्यावर माणसानें जे उपाय योजले त्यांत दोन उपाय एकमेकांपासून अगदीं दूरचे वाटतात. एक बाहेरून येतो: मेंदूस विजेची चालना देणें. दुसरा आंतून येतो: आपल्या चित्ताकडे अवधान ठेवण्याचा अभ्यास करणें. गेल्या कांहीं वर्षांत युरोप-अमेरिकेंतील संशोधकांनीं हे दोन्ही उपाय एकाच रोग्यावर, एकाच वेळीं करून पाहण्यास प्रारंभ केला आहे. ही जोडी ऐकणारास चमत्कारिक वाटेल. तथापि दोन्ही प्रवाहांचा इतिहास शेजारीं शेजारीं ठेवून पाहिला, तर त्यांच्या संगमाचा अर्थ कळतो आणि त्यांतील धोकाहि कळतो.

विजेचा उपाय माणसाला विजेचें नांव ठाऊक होण्याच्याहि आधींचा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत स्क्रिबोनियस लार्गस या रोमन वैद्यानें डोकेदुखीवर विद्युन्मत्स्य कपाळास लावण्यास सांगितलें आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस गॅल्व्हानीनें बेडकाच्या पायावर विजेचे प्रयोग केले, आणि त्याचा पुतण्या जोव्हान्नी आल्दिनी यानें १८०१ च्या सुमारास बोलोन्या येथील एका खिन्नमनस्क शेतकऱ्याच्या डोक्यास व्होल्टाच्या विद्युत्‌घटाचा सौम्य प्रवाह लावून त्याची प्रकृति सुधारल्याचें नमूद केलें. पुढें शंभर वर्षेंपर्यंत विजेची चिकित्सा कधीं शास्त्राच्या तर कधीं जादूगिरीच्या दारांत उभी राहिली. तिला निराळें वळण मिळालें तें १९३४ सालीं. त्या वर्षीं बुडापेस्टच्या लाडिस्लास मेडुना यानें अपस्मार आणि बुद्धिभ्रंश हे परस्परविरोधी असतात अशा समजुतीनें रोग्यांना कापरासारख्या द्रव्यानें मुद्दाम आंकडी आणण्यास आरंभ केला. चार वर्षांनीं, १९३८ सालीं, रोममध्यें उगो चेर्लेत्ती व लुचो बिनी यांनीं तीच आंकडी विजेनें आणून दाखविली. ज्या समजुतीवर हा उपाय उभा राहिला ती पुढें टिकली नाहीं. पण उपाय टिकला, कारण अन्नपाणी सोडलेल्या, मरणाची इच्छा धरून बसलेल्या, दगडासारख्या निश्चल झालेल्या रोग्यांना त्यानें पुन्हा माणसांत आणलें.

१९४० नंतरच्या दशकांत हा उपाय हिंदुस्थानांत आला तेव्हां त्याला लाभलेलें घर कसें होतें, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. १८५८ च्या कायद्यानें वेड्यांचीं इस्पितळें स्थापन झालीं. नागपूरच्या पाठोपाठ रत्नागिरीस १८८६ सालीं आणि ठाण्यास नौपाड्याजवळ १९०१ सालीं अशीं इस्पितळें निघालीं. पुण्यास येरवड्याचें इस्पितळ उभें राहिलें. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयें म्हणून हींच चार नांवें आजहि महाराष्ट्राच्या ओळखीचीं आहेत. १९१२ च्या कायद्याप्रमाणें रोग्याला आंत घेण्यास बहुधा मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे. ज्याला हुकमानें आंत आणावयाचें त्याला औषध विचारून देण्याचा प्रश्न उद्भवत नसे. अशा भिंतींच्या आंत ‘शॉक’ आला. भूल न देतां व स्नायू शिथिल करण्याचें औषध न टोंचतां झटका दिला म्हणजे शरीर धनुष्यासारखें ताणलें जाई, प्रसंगीं पाठीच्या मणक्यास इजा होई. १९५० नंतर या दोन्ही गोष्टींची सोय इतरत्र झाली. आपल्याकडे भूल देणाऱ्या डॉक्टरांची वाण आणि खर्चाची अडचण हीं कारणें पुढें करून बिनभुलीचा झटका पुढेंहि कित्येक दशकें चालू राहिला. पुण्याच्या बापू ट्रस्टनें व त्या संस्थेच्या भार्गवी दवर यांनीं त्याविरुद्ध आवाज उठविला. अखेर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें भुलीवांचून झटका देण्यास बंदी केली, आणि अल्पवयीन मुलांस तो देण्यास पालकांची संमति व मंडळाची पूर्वपरवानगी आवश्यक ठरविली. आज भूल देऊन रीतसर दिलेला विद्युत्‌झटका तीव्र विषण्णतेवरील अत्यंत गुणकारी उपायांपैकीं एक मानला जातो. तरीहि खेड्यापाड्यांत ‘शॉक’ या शब्दानें जी धडकी भरते तिला आपला इतिहास कारण आहे, लोकांचें अज्ञान नव्हे.

विजेच्या उपायाची एक दुसरी, मवाळ शाखा याच सुमारास वाढीस लागली. १९८५ सालीं इंग्लंडांतील शेफील्ड येथें अँथनी बार्कर व त्याच्या सहकाऱ्यांनीं डोक्यावर धरलेल्या वेटोळ्यांतून क्षणिक चुंबकीय क्षेत्र निर्माण करून, कवटीस धक्का न लावतां, मेंदूंतील पेशी चेतवून दाखविल्या. हा चुंबकीय उपाय २००८ सालीं अमेरिकेंत विषण्णतेवर मान्य झाला. २००० सालीं जर्मनींत ग्यॉटिंगेन येथें मायकेल नित्शे व वाल्टर पाउलस यांनीं त्याहूनहि साधी गोष्ट सिद्ध केली. आल्दिनीच्या धर्तीचा मंद, अखंड प्रवाह कांहीं मिनिटें डोक्यास लावला असतां मेंदूच्या त्या भागाची चेतनक्षमता बदलते आणि प्रवाह बंद केल्यावरहि हा बदल कांहीं काळ टिकतो. हा प्रवाह एक ते दोन मिलिअँपिअरचा असतो. झटक्याच्या उपचारांत आठशें-नऊशें मिलिअँपिअरांचा प्रवाह वापरतात. म्हणजे हा त्याच्या चारशेंव्या हिश्श्याइतका. यानें आंकडी येत नाहीं, शुद्ध जात नाहीं. कातडीला थोडी चुणचुण लागते इतकेंच.

या दोन प्रवाहांतील भेद केवळ मापाचा नाहीं. झटका मेंदूतील असंख्य पेशींना एकाच वेळीं पेटवितो. त्या वेळीं रोगी काय करीत आहे याला महत्त्व नसतें, कारण तो निद्रिस्त असतो. मंद प्रवाह पेशींना पेटवीत नाहीं. तो त्यांचा उंबरठा किंचित् खालीं-वर करतो, म्हणजे ज्या पेशी कामांत गुंतलेल्या असतील त्यांना तें काम थोडें सोपें होतें. ज्या वेळीं प्रवाह चालू आहे त्या वेळीं रोग्याचें मन कशांत आहे, यावर परिणाम अवलंबून राहतो. विजेच्या चिकित्सेच्या इतिहासांत रोग्याच्या मनाला येथें प्रथमच किंमत आली, आणि संशोधक विचारूं लागले कीं, प्रवाह चालू असतां या माणसानें मन कोठें ठेवावें?

या प्रश्नाचें उत्तर मिळविण्यासाठीं दुसऱ्या प्रवाहाकडे वळलें पाहिजे. आणि तो तर आपल्या दारावरून वाहत आहे. नागझिऱ्याचा मुलूख ज्या जुन्या भंडारा जिल्ह्यांत होता, त्याच जिल्ह्यांत वैनगंगेच्या कांठीं पवनी आहे. तेथें १९६९-७० च्या उत्खननांत प्राचीन बौद्ध स्तूपांचे अवशेष सांपडले. बुद्धाच्या शिकवणुकींत ‘सति’, म्हणजे क्षणोक्षणीं जागृत राहणारी स्मृति, हें एक मुख्य अंग आहे. मराठी वाङ्मयानें हा विषय आपल्या पद्धतीनें मांडला. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय अभ्यासयोगाचें विवरण करतो, आणि ज्ञानेश्वर श्रोत्यांपाशीं पुनःपुन्हां अवधानाचीच दक्षिणा मागतात. रामदासांचे मनाचे श्लोक २०५ आहेत, आणि त्यांत संबोधिलें आहे तें आपल्याच मनाला. मन हें आपण ज्याच्याशीं बोलूं शकतों, ज्याला समोर बसवून पाहूं शकतों असें कांहीं आहे, ही जाणीव निरक्षर मराठी माणसाच्याहि कानीं लहानपणापासून पडलेली असते.

विसाव्या शतकांत या प्रवाहाला मराठी भूमींत तीन निरनिराळे घाट बांधले गेले. पहिला घाट विद्वत्तेचा. गोव्यांत जन्मलेले धर्मानंद कोसंबी १९०२ सालीं सिंहलद्वीपास गेले, पालि शिकले, ब्रह्मदेशांत राहिले आणि परत येऊन त्यांनीं बौद्ध वाङ्मय मराठींत आणलें. ‘समाधिमार्ग’ हें त्यांचें छोटेखानी पुस्तक याच विषयावर आहे. ‘विसुद्धिमग्ग’ या ध्यानविषयक महाग्रंथाच्या हार्वर्डच्या आवृत्तीवर त्यांनीं श्रम केले. ती आवृत्ति १९५० सालीं, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाली. त्यांचा देह पडला तोहि विदर्भांतच, सेवाग्राम येथें, १९४७ सालीं. पुढें नऊ वर्षांनीं, १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं, नागपुरास झालेल्या धम्मदीक्षेनें बुद्धाचें नांव विदर्भांतील लाखों घरांत पोंचविलें.

दुसरा घाट प्रयोगाचा. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनीं १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापिलें आणि योगक्रियांची परीक्षा क्ष-किरणांनीं व दाबमापकांनीं करण्यास प्रारंभ केला. त्यांचें ‘योगमीमांसा’ हें नियतकालिक त्याच वर्षीं निघालें. योगायोग असा कीं, जर्मनींत येना येथें हान्स बर्गर यानें माणसाच्या मेंदूंतील विद्युल्लहरींची पहिली नोंद केली तीहि १९२४ सालींच. वीज आणि ध्यान यांची भेट घडली ती या मार्गानें; त्या भेटींत वीज साक्षीदार होती, वैद्य नव्हती. १९५७ सालीं वेंगर व बागची हे संशोधक अमेरिकेंतून येऊन येथील योग्यांच्या नोंदी घेऊन गेले. १९६१ सालीं दिल्लीच्या आनंद, छीना व बलदेव सिंग यांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, ध्यानस्थ योग्याच्या मेंदूंतील संथ ‘अल्फा’ लहरी बाहेरच्या आवाजानें वा उजेडानेंहि मोडत नाहींत. अवधान ही केवळ बोलण्याची गोष्ट नसून तिची खूण मेंदूंत उमटते, हें यानें दिसलें.

तिसरा घाट रुग्णालयाचा, आणि आपल्या विषयास तोच अधिक जवळचा. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. एन. एस. वाहिया यांनीं पतंजलीच्या योगसूत्रांतून आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा व ध्यान अशा पांच पायऱ्यांची एक चिकित्सा तयार केली, आणि चिंता व तज्जन्य शारीरिक विकार यांनीं पीडलेल्या रोग्यांना ती दिली. १९७३ सालीं तिचा वृत्तांत अमेरिकेंतील मानसोपचाराच्या नियतकालिकांत आला. सहलेखकांत दिनशा डुंगाजी यांच्याबरोबर तरुण दिलीप जेस्ते होते. हेच जेस्ते पुढें २०१२ सालीं अमेरिकेंतील मानसरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष झाले. वाहियांच्या कामाचें मर्म त्यांच्या तुलनेंत आहे. एका गटास त्यांनीं पांचहि पायऱ्या शिकविल्या, दुसऱ्यास आसन-प्राणायामासारखी दिसणारी नक्कल शिकविली. देह दोघांनींहि हालविला, श्वास दोघांनींहि घेतला. परंतु चित्ताचा अभ्यास ज्यांनीं केला त्यांना अधिक गुण आला.

याच काळांत सत्यनारायण गोयंका यांनीं ब्रह्मदेशांतून विपश्यना परत भारतांत आणली. त्यांचा जन्म मंडालेचा, व्यापारी मनुष्य, अर्धशिशीनें हैराण होऊन ते १९५५ सालीं ऊ बा खिन यांच्याकडे गेले होते. स्क्रिबोनियसचा मासा आणि गोयंकांची विपश्यना या दोहोंचा उगम डोकेदुखींत सांपडावा, हें गमतीचें आहे. १९६९ सालीं त्यांनीं मुंबईस पहिलें शिबिर घेतलें आणि १९७६ पासून इगतपुरीस धम्मगिरीवर शिबिरें सुरू झालीं. पश्चिमेंतहि १९७९ सालीं जॉन कबात-झिन यानें मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रांत बौद्ध अवधानाचा एक धर्मनिरपेक्ष, कांहीं आठवड्यांचा वर्ग काढला. ‘सति’ला ‘माइंडफुलनेस’ हा प्रतिशब्द ऱ्हिस डेव्हिड्स यानें १८८१ सालीं दिला होता. तो शब्द पुढें जगभर रूढ झाला. २००० सालीं टीसडेल व त्याच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, ज्यांना विषण्णतेचे तीन वा अधिक झटके येऊन गेले आहेत त्यांना अशा अभ्यासामुळें पुन्हां झटका येण्याचें प्रमाण पुष्कळ कमी होतें.

आतां संगमाकडे येऊं. विषण्ण माणसाला ध्यानास बसविणें किती कठीण, हें ज्यानें असा माणूस घरांत पाहिला आहे त्याला सांगावयास नको. ज्या शक्तीनें मन आवरावयाचें तीच शक्ति रोगानें क्षीण केलेली असते. संशोधकांची कल्पना अशी कीं, कपाळाच्या डाव्या बाजूस आंत मेंदूचा जो भाग लक्ष आवरण्याचें काम करतो, त्याचा उंबरठा मंद प्रवाहानें खालीं आणावा आणि त्याच वेळीं रोग्यानें श्वासाकडे लक्ष ठेवण्याचा अभ्यास करावा. वीज हात देईल, चालावें रोग्यानें. २०१७ सालीं अमेरिकेंत निरोगी माणसांवर असा प्रयोग झाला. २०१९ सालीं ब्रुसेल्सच्या संशोधकांनीं औषधांस न बधणाऱ्या विषण्णतेच्या ३१ रोग्यांचे दोन गट केले. दोघांनाहि प्रवाह दिला. एकास त्याच्या जोडीला अवधानाचा अभ्यास दिला, दुसऱ्यास नुसतें शिथिलीकरण. उपचार संपतांना दोन्ही गट सुधारलेले होते. दोन आठवड्यांनीं पाहिलें तेव्हां अवधानवाल्या गटाची सुधारणा अधिक टिकून होती. वाहियांनीं सेहेचाळीस वर्षांपूर्वीं मुंबईस जी तुलना केली तिचेंच हें विजेच्या साथीनें केलेलें आवर्तन म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु ३१ रोग्यांवरून सिद्धान्त होत नाहीं, आणि पुढील प्रयोगांनीं उत्साहास आवर घातला आहे. २०२३ सालीं जर्मनींतील आठ केंद्रांत मंद प्रवाह औषधाच्या जोडीला देऊन पाहिला, तेव्हां तो खोट्या, नांवाच्या प्रवाहापेक्षां सरस ठरला नाहीं. २०२४ सालीं घरच्या घरीं प्रवाह घेणाऱ्या रोग्यांवरचे दोन मोठे प्रयोग प्रसिद्ध झाले. एकांत गुण दिसला, आणि ब्राझीलमधल्या दुसऱ्यांत, दूरध्वनियंत्रावरून दिलेल्या मानसिक शिक्षणाची जोड असतांहि, दिसला नाहीं. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेंत अस्तित्वांत नसलेले आवाज ऐकूं येणाऱ्या रोग्यांवर या प्रवाहाचे प्रयोग झाले आहेत. त्यांचा रोग निराळा, त्यांचा हिशेबहि निराळा. ध्यानालाहि पथ्य आहे. तीव्र मनोविकार असलेल्यांनीं दीर्घ मौन शिबिरांत बसूं नये, असें विपश्यनेचीं केंद्रें स्वतःच सांगतात; कित्येकांचें मन एकांतांत अधिक उधळतें. तेव्हां बाजारांत मिळणारी कपाळपट्टी बांधून घटकाभर डोळे मिटले कीं चित्त शांत होईल, असें जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवूं नये.

मग या सर्व उलाढालींतून घ्यावयाचें काय? आमच्या मतें, फळाचा निवाडा कसाहि लागो, या संगमानें एक जुनी चूक उघडी केली आहे. वेड्यांच्या इस्पितळाच्या इतिहासांत रोगी हें नेहमीं कर्म होतें. कर्ता मॅजिस्ट्रेट असे, डॉक्टर असे, वीज असे. ध्यानमार्गांत साधक हा कर्ता खरा, पण त्यांतहि एक निष्ठुरपणा लपलेला असतो: ज्याला स्वतःहून बसतां आलें नाहीं त्याला तो मार्ग दुबळा म्हणून मागें सोडून देतो. एकानें रोग्याचें कर्तृत्व नाकारलें, दुसऱ्यानें त्याचें दुखणें नाकारलें. दुखण्यामुळें कर्तृत्व थकतें पण नाहींसें होत नाहीं, आणि उपचाराचें काम त्या थकलेल्या कर्तृत्वाला आधार देण्याचें आहे, ही गोष्ट दोन्ही उपाय एकत्र आणल्यावर स्पष्ट दिसते. रोग्यानें मन लावल्याशिवाय जो उपाय नीट लागूच पडत नाहीं, तो त्याला समजावून सांगितल्याशिवाय देतां येत नाहीं. २०१७ च्या कायद्यानें रोग्याची संमति हा त्याचा हक्क मानला. येथें ती उपचाराचाच एक भाग होते.

नागझिऱ्याच्या कडेच्या माणसाला याचा उपयोग कोणत्या रूपानें व्हावा? देशांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ पासून आणि जिल्हा पातळीवरचा कार्यक्रम १९९६ पासून आहे. गोंदियास २०१६ सालीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयहि निघालें. परंतु मंद प्रवाहाचा उपचार सलग कांहीं दिवस, रोज वीस-तीस मिनिटें घ्यावा लागतो, आणि अवधानाचा अभ्यास तर कित्येक आठवडे. धान रोवणीच्या दिवसांत रोज मजुरी बुडवून कोणी नागपुरास जाणार नाहीं. तेव्हां यंत्र येईल कीं नाहीं हा प्रश्न दुय्यम आहे. रोग्याजवळ रोज बसणारा, त्याच्याशीं त्याच्या बोलींत बोलणारा, त्याला ‘आतां श्वासाकडे पाहा’ असें सांगून तो विचलित झाला तरी न रागावणारा मनुष्य गांवाजवळ मिळेल काय, हा मुख्य प्रश्न आहे. प्रवाहाची उपयुक्तता अजून वादांत आहे. अशा माणसाची उपयुक्तता वाहियांच्या रोग्यांनीं १९७३ सालींच दाखवून दिली, आणि त्याला तयार करण्यासाठीं कोणत्याहि परदेशी प्रयोगाच्या निकालाची वाट पाहण्याचें कारण नाहीं.